बोटाची किंमत आणि औषधाचे बिल

माणसाच्या हाताची किंमत किती? कवीला विचारले तर तो 'अनमोल' म्हणेल. कायद्याला मात्र आकडा सांगावाच लागतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे आकडे दिलेले होते. अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्क्यांनी घटली असे मानावे. संपूर्ण तर्जनीला १४ टक्के, मधल्या बोटाला १२, अनामिका किंवा करंगळीला ७. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे कोष्टक कोरडे वाटेल, पण ते आवश्यक आहे हे मी मान्य करतो. आकडाच नसता तर कामगाराच्या पदरात दयेपलीकडे काय पडले असते?

परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. बोटाची किंमत ठरवणाऱ्या या कायद्याने, त्या बोटाच्या औषधपाण्याचा प्रत्यक्ष खर्च कामगाराला परत मिळावा अशी तरतूद केली, ती २००९ च्या दुरुस्तीने. म्हणजे तब्बल ८६ वर्षांनी! पुढे २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली आणि हा जुना कायदा तिच्यात सामावला. प्रतिपूर्तीचे तत्त्व मात्र तिनेही राखले आहे. मग आता अडचण कोठे राहिली, असे कोणी विचारील. माझ्या मते अडचण 'प्रतिपूर्ती' या शब्दातच आहे. ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याने ते आधी खर्च करावेत आणि मागाहून परत घ्यावेत, असा त्याचा अर्थ. ज्याच्या खिशात काहीच नाही, त्याने काय करावे? शिवाय राज्य कामगार विमा योजनेबाहेरच्या कामगाराला अशा वेळी भरपाई मिळते ती सुमारे अर्ध्या पगाराइतकी. उत्पन्न निम्मे होते नेमके तेव्हाच खर्च वाढतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. माझे मामा एका लहानशा वर्कशॉपमध्ये पॉवर प्रेसवर कामाला होते. प्रेसखाली त्यांची दोन बोटे गेली. पहिल्या दिवशीचा दवाखान्याचा खर्च मालकाने दिला आणि पुढच्यासाठी सांगितले, "बिले जपून ठेवा, मग बघू." डॉक्टरांनी पाच दिवसांची औषधे लिहून दिली होती; मामींनी मेडिकलमध्ये जाऊन "आधी दोन दिवसांच्या द्या" असे सांगितले. सुट्या गोळ्यांचे बिल कोण मागतो? कागदाच्या पुडीवर पेनने लिहिलेली रक्कम, हीच पावती. उरलेल्या गोळ्या वेळेवर आल्या नाहीत, जखम चिघळली, आणि मलमपट्टी तीन आठवडे लांबली. हिशेबाला बसलो तेव्हा झालेल्या खर्चापैकी जेमतेम निम्म्याची बिले सापडली. थोडेसे पैसे वाचवण्यापायी खर्चही वाढला आणि माणूसही कामावर उशिरा गेला.

मालकाचीही एक बाजू होती, आणि ती सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. जमलेल्या बिलांत शक्तिवर्धक टॉनिक होते, जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल होत्या, वेदनाशामक गोळी महागड्या कंपनीची होती. "बोटाचा आणि टॉनिकचा काय संबंध?" हा त्याचा प्रश्न चूक नव्हता. चूक होती ती प्रश्न विचारण्याच्या वेळेची आणि माणसाची. औषध मामांनी निवडले नव्हते. चिठ्ठी डॉक्टरांनी लिहिली होती, कंपनी दुकानदाराने दिली होती. जाब मात्र ज्याने गोळी गिळली त्याला द्यावा लागला.

याच्या अगदी उलट टोकाचा अनुभव अमेरिकेचा आहे. तेथे जखमी कामगाराच्या औषधाचा खर्च सर्वसाधारणपणे विमा कंपनी किंवा मालक परस्पर सोसतो. आपल्याला हे स्वर्गसुख वाटेल. पण १९९० च्या दशकात अफूच्या जातीची तीव्र वेदनाशामके सढळ हाताने लिहून दिली जाऊ लागली आणि या दाव्यांतही ती शिरली. वॉशिंग्टन राज्यातल्या नुकसानभरपाई योजनेचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की, २००२ पर्यंतच्या काही वर्षांत अशा औषधांच्या अपघाती अतिमात्रेशी निगडित ३२ मृत्यू कामगारांत आढळले. कामावर दुखापत झाली म्हणून उपचार घेणारा माणूस उपचारानेच दगावला! मग २००७ मध्ये त्या राज्याने मात्रेची मर्यादा आखली. तिच्यापुढे जायचे तर वेदनातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा असे सुचवले. टेक्सासने औषधांची यादीच केली. नव्या दाव्यांना ती १ सप्टेंबर २०११ पासून लागू झाली. यादीत वर्ज्य ठरलेले औषध द्यायचे असेल तर डॉक्टरांनी आधी कारण दाखवून मंजुरी घ्यायची. जुन्या रुग्णांना मात्र दोन वर्षांची सवलत दिली, कारण अंगवळणी पडलेले औषध एकाएकी तोडणे हाही अपायच.

या दोन्ही अनुभवांतून मला एकच गोष्ट दिसते. खर्चाला आवर घालायचा तो औषध लिहिताना आणि त्याची किंमत ठरवताना. कामगाराने बिल पुढे केल्यावर नव्हे. बिल नाकारल्याने औषधाचा खर्च कमी होत नाही, तो फक्त गरिबाच्या माथी जातो.

आपल्याकडे यासाठी लागणारी सामग्री नाही असे नाही. औषधे मूळ नावाने लिहावीत आणि आवश्यक औषधांची यादी असावी, हे हाथी समितीने १९७५ सालीच सांगितले होते. देशाची अत्यावश्यक औषधांची यादी १९९६ पासून आहे. २०२२ च्या यादीत ३८४ औषधे आहेत. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाने अशा औषधांच्या कमाल किमती बांधल्या जातात. जनऔषधी दुकाने २००८ पासून आहेत. आणि राज्य कामगार विमा योजना तर १९५२ सालापासून चालू आहे. जुलै २०१९ पासून कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का आणि मालकाकडून सव्वातीन टक्के वर्गणी घेऊन ती औषध हाती देते. कामावरच्या दुखापतीत तात्पुरते अपंगत्व आले तर वेतनाच्या ९० टक्के भत्ता देते. तिच्या दवाखान्यांतली रांग आणि औषधांचा तुटवडा यांविषयी तक्रारी आहेत. पण 'आधी औषध, मग कागद' हे तिचे तत्त्व योग्य आहे. दुर्दैव असे की 'सेफ इन इंडिया' या संस्थेचे 'क्रश्ड' हे अहवाल सांगतात, अनेक कामगारांचे या योजनेचे कार्ड निघते ते बोट तुटल्यानंतर!

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. कामावर रुजू होईल त्याच दिवशी कामगाराची नोंद व्हावी. योजनेबाहेरच्या लहान वर्कशॉपच्या मालकाने जवळच्या दवाखान्याशी आणि मेडिकलशी आधीच बोलून ठेवावे, म्हणजे जखमेची औषधे उधार मिळतील आणि बिल थेट मालकाकडे जाईल. यादीतले औषध मूळ नावाने लिहावे. यादीबाहेरचे हवे असल्यास डॉक्टरांनी दोन ओळींत कारण लिहावे. वेदनाशामक औषध लांबले तर ते का लांबले याची विचारपूस व्हावी. यात मालकाचाही तोटा नाही. पाच दिवसांच्या गोळ्या तीन आठवड्यांच्या मलमपट्टीपेक्षा स्वस्तच पडतात.

यात आपण कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी काय करावे? आपल्याला औषधशास्त्र येत नाही, पण वाचता-लिहिता येते, आणि येथे नेमकी त्याचीच वाण आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी भरते. त्यात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. एका वर्षी औद्योगिक वसाहतीत बसून अपघाताची नोंद कशी करावी, मेडिकलमधून पक्के बिल कसे मागून घ्यावे, अर्ज कसा भरावा, एवढेच कामगारांना समजावून द्यावे. मामांच्या त्या पुडीऐवजी पक्के बिल असते, तर निम्मा खर्च असा वाऱ्यावर गेला नसता. तुटलेले बोट परत येत नाही. पण राहिलेला हात लवकर बरा व्हावा, एवढे तरी आपण पाहू शकतो.