झोपेचे तुकडे कोणासाठी?

रात्रीची सलग झोप हा कालापव्यय आहे. दर चार तासांनी वीस मिनिटे डोळे मिटावेत, दोन तासांत दिवसाची निद्रा आटोपावी आणि उरलेले बावीस तास 'सत्कारणी' लावावेत, असा उपदेश हल्ली सुशिक्षित तरुणांना केला जातो. उपदेश जुनाच आहे. अमेरिकन वास्तुकल्पक बकमिन्स्टर फुलर यांनी दर सहा तासांनी अर्धा तास झोपण्याचा प्रयोग दोन वर्षे केल्याची वार्ता 'टाइम'ने १९४३ साली दिली होती. तो त्यांनी सोडला, कारण त्यांचे व्यवसायबंधू इतर माणसांसारखे रात्री झोपत! अमेरिकेच्या नॅशनल स्लीप फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी २०२१ साली उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा या पद्धतीचे लाभ सिद्ध झाले नाहीत. अपाय मात्र दिसले.

आमचा आक्षेप केवळ आरोग्याचा नाही. फुलर यांना झोप तोडण्याची मुभा होती, तशीच ती पुन्हा जोडण्याचीही होती. रेल्वेच्या इंजिनचालकाला ती आहे काय? ऑगस्ट १९७३ च्या संपानंतर सरकारने दहा तासांच्या पाळीचे आश्वासन दिले. ८ मे १९७४ ला जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपातही आठ तासांच्या दिवसाची मागणी होती; तो संप सरकारने चिरडला. अर्धशतक लोटले, तरी सलग रात्रपाळ्या दोनच असाव्यात आणि दैनंदिन विश्रांती साप्ताहिक सुटीत जिरवू नये, यासाठी इंजिनचालकांना झगडावे लागत आहे.

अशा देशात नारायण मूर्ती २०२३ साली आठवड्याला सत्तर तास काम मागतात, २०२५ साली लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष नव्वदपर्यंत जातात, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात महाराष्ट्राचे मंत्रिमंडळ कारखान्यांतील नऊ तासांचा दिवस बारापर्यंत ताणण्यास मान्यता देते. बारा तास यंत्रापाशी, तीन तास लोकलमध्ये, त्यात बाई असेल तर चूल आणि पाणी वेगळेच. उरलेल्या वेळेत झोपेचे तुकडे आपोआपच पडतात; त्यासाठी वेळापत्रक आखावे लागत नाही.

डुलकीशी आमचे वैर नाही. नासाच्या अभ्यासात लांब पल्ल्याच्या वैमानिकांना उड्डाणादरम्यान चाळीस मिनिटांची विश्रांती दिली गेली. सरासरी सव्वीस मिनिटे झोप लागली आणि त्यांची सावधता वाढली. परंतु ती डुलकी कामाच्या वेळेतली होती, सहकारी जागे असताना घेतलेली होती, आणि रात्रीच्या निद्रेची जागा तिने घेतलेली नव्हती. रात्रपाळीच्या परिचारिकेला, पहारेकऱ्याला, कापडगिरणीतील कामगाराला हीच डुलकी लागली, तर तिचे नाव 'कामचुकारपणा' होते व तिच्यापायी मेमो मिळतो.

तेव्हा युनियनच्या मागणीपत्रांत रात्रपाळीतील पगारी विश्रांती, निजण्याजोगी खोली आणि दोन पाळ्यांमधील सलग विश्रामाचे तास ही कलमे वेतनवाढीच्या खाली न ढकलता तिच्या बरोबरीने लिहावीत. आणि कार्यकर्त्यांनी आपल्या जागरणांची फुशारकी मारणेही आता पुरे करावे. पहिल्या पाळीच्या कामगाराला रात्री अकराच्या बैठकीला बोलावून त्याच्याशी आठ तासांच्या दिवसाची चर्चा करण्याची आपली प्रथा पुढल्या महिन्यापासूनच बंद करता येईल. त्यासाठी कोणत्याही मंत्रिमंडळाची संमती लागत नाही.