पेटीतला कॅमेरा

धुळ्याचे जुने घर आवरताना अब्बांच्या पेटीत आगफा क्लिक-३ सापडला. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला हा साधा कॅमेरा. १२० च्या रोलवर १२ चौकोनी फोटो निघत. जळगावला आणून आम्ही घाईने मागचे झाकण उघडले, तर आत रोल! शेवटी काढलेले फोटो बाहेरच्या वेढ्यात असतात, उजेड आधी त्यांनाच लागतो. रोल धुऊन आणला तेव्हा आतले चार फोटो वाचले होते. अब्बा म्हणाले, "शेवटचे ईदच्या दिवशी दादींचे काढले होते." तेच गेले.

म्हणून झाकणाला हात लावण्यापूर्वी मागच्या लाल खिडकीत आकडा किंवा कागद दिसतो का ते पाहा. ३५ मिमीच्या कॅमेऱ्यात रोल परत गुंडाळायची कडी हलकेच फिरवा. ताण लागला तर आत रोल आहे.

जुन्या बाजारात घेताना भिंग उजेडासमोर धरा. जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. काच खाल्ली असेल तर डाग जात नाही. खटका दाबून शटर हलते का बघा.

घरी धूळ मऊ ब्रशने झाडा. झाकणाच्या खाचेतला चिकट झालेला स्पंज काडीला कापूस गुंडाळून स्पिरिटने काढा, तिथे काळी लोकर बसवा. फ्लॅश मात्र उघडू नका. सेल काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात.

आणि कॅमेरा भंगारात देण्याआधी घरच्या बुजुर्गांना विचारा, यात कोणाचा फोटो राहिला आहे का?