प्रयोगशाळेतील श्रमिकाचा शिक्षणाचा हक्क

रक्ताचा नमुना घेताना वा हाताळताना तांबड्या पेशी फुटल्या, तर अहवालात पोटॅशियमचे प्रमाण आहे त्याहून अधिक दिसते. अशा वेळी नमुना पुन्हा मागवावयाचा, हे प्रयोगशाळा-तंत्रज्ञालाच कळावे लागते. न कळल्यास चुकीचा उपचार रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. इतकी जबाबदारी वाहणाऱ्या या श्रमिकाचे शिक्षण मात्र पदविका हाती पडताच संपले, असे गृहीत धरले जाते.

भारतीय वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरांसाठी दर पाच वर्षांत किमान ३० तासांचे निरंतर शिक्षण सांगितले. तंत्रज्ञांचा व्यवसाय राष्ट्रीय कायद्याच्या कक्षेत येण्यास मात्र २०२१ साल उजाडावे लागले. जानेवारी २०२० मध्ये कोरोनाची चाचणी प्रथम पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतच होत होती. जूनअखेर देशात अशा हजारांवर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. शासनाने मनावर घेतले की प्रशिक्षणाची सोय होते, हे तेव्हा सिद्ध झाले.

मग एरवी ती का होत नाही? अडथळा आळसाचा नसून अर्थकारणाचा आहे. शिकलेला माणूस उद्या दुसरीकडे जाईल, तेव्हा खर्च आपण का करावा, असा मालकाचा हिशेब असतो. कोणत्याही आस्थापनेत उपयोगी पडणाऱ्या कौशल्याचा भार अखेर कामगारावरच पडतो, असे गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये मांडले होते. परंतु तुटपुंज्या वेतनावर राबणाऱ्याने तो कोठून उचलावा? ज्या ग्रामीण रुग्णालयात एकच तंत्रज्ञ आहे, तेथे तो चार दिवस प्रशिक्षणास गेला की प्रयोगशाळेला कुलूप लागते. कंत्राटी तंत्रज्ञाला तर नेमणुकीच्या नूतनीकरणाचीच धास्ती. बाजार जेथे हात वर करतो, तेथे समाजानेच खर्च उचलला पाहिजे. कारण अचूक अहवालाचा लाभ साऱ्या समाजाला होतो.

२०२१ च्या कायद्यात राज्य परिषदा व नोंदणी यांची तरतूद आहे. नोंदणी टिकविण्यासाठी निरंतर शिक्षणाची अट घातली गेल्यास तत्त्वतः ती योग्यच ठरेल. मात्र पगारी रजा आणि बदली तंत्रज्ञ यांवाचून ती अट म्हणजे श्रमिकावर लादलेला दंडच होय. म्हणून कामाच्या वेळेत, विनाशुल्क व मराठीतून प्रशिक्षण, कंत्राटी कामगारांनाही समान संधी, आणि मिळविलेल्या कौशल्याची वेतनात दखल, या मागण्या कामगार संघटनांनी आणि पक्ष-कार्यकर्त्यांनी आताच लावून धरल्या पाहिजेत. हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. सरकारी रुग्णालयाच्या अहवालावर ज्यांचे जगणे अवलंबून आहे, त्या गरिबांचा तो आहे.