तासांचा हिशेब

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक श्री. नारायण मूर्ती यांनी देशातील तरुणांनी आठवड्यास ७० तास काम करावे, असे मत मांडले. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष श्री. सुब्रह्मण्यन् यांचे वक्तव्य गाजले. त्यांनी आकडा ९० वर नेला आणि रविवारही सोडला नाही. दोन्ही वेळा उठलेला गदारोळ वाचकांच्या स्मरणात असेलच. एका पक्षाने तास वाढवून मागितले, दुसऱ्याने ते कमी करून मागितले. त्या तासांत करावयाचे काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही.

आमच्या मध्यमवर्गाचा दिवस आता यादीने सुरू होतो. भ्रमणध्वनीत दिवसाची कामे मांडलेली असतात, एकेका कामापुढे खूण होत जाते आणि रात्री यादी संपल्याचे समाधान लाभते. पण यादीत शिरतात ती बहुधा दुसऱ्याने मागितलेली किंवा चटकन उरकणारी कामे. खुणा झाल्या म्हणजे काम झाले, असे समजणे ही स्वतःची गोड फसवणूक होय.

पार्किन्सन या ब्रिटिश इतिहासकाराने १९५५ साली लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’मध्ये लिहिलेला लेख विनोदी म्हणून वाचला जातो, त्याने दिलेले आकडे मात्र हसून सोडण्यासारखे नाहीत. १९१४ साली ब्रिटिश आरमारात ६२ मोठ्या युद्धनौका सेवेत होत्या; १९२८ साली त्या २० उरल्या. याच १४ वर्षांत नौदल खात्याच्या कचेरीतील अधिकारी २,००० वरून ३,५६९ झाले. ही मंडळी रिकामी बसली होती काय? मुळीच नव्हे. पार्किन्सनचे म्हणणे असे की, ती एकमेकांना काम पुरवीत होती!

याउलट महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचे उदाहरण पाहावे. हे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करणारे गृहस्थ. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाचे संपादन करताना त्याला धर्मशास्त्राच्या इतिहासाविषयी एक प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ बेत होता. विषय प्रस्तावनेत मावणारा नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. अशा वेळी व्यवहारी माणूस चार पाने लिहून मोकळा होतो. काण्यांनी तो विषयच अंगावर घेतला. धर्मशास्त्राच्या इतिहासाचा पहिला खंड १९३० साली निघाला, तेव्हा त्यांचे वय ५० होते. पाचवा खंड पुरा झाला १९६२ साली, म्हणजे वयाच्या ८२ व्या वर्षी. पृष्ठे सहा हजारांहून अधिक. मधल्या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, राज्यसभेत बसले. तरी ग्रंथ बाजूस पडला नाही. त्यांचे आठवड्याचे तास किती भरत, हे कोणी मोजल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

काण्यांचे नाव घेणे सोपे आहे, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. ज्याचा साहेब रात्री नऊ वाजता आकडे मागतो आणि ज्याच्या घराचा हप्ता पाच तारखेस कापला जातो, त्याने काम निवडावे कसे? त्याला असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. म्हणून आमचे मागणे प्रथम साहेबांकडे आहे. तास वाढवून मागण्यापूर्वी आपण मागविलेल्या तक्त्यांपैकी आपण स्वतः किती वाचले, एवढे त्यांनी सांगावे. न वाचलेले तक्ते बंद करण्याचा हुकूम काढण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

आणि ज्यांच्या हाती दिवसातला एक तास तरी स्वतःचा आहे, असे लोक आमच्या वाचकांत पुष्कळ निघतील. आजोबांच्या पेटीतील कागद लावणे, शेजारच्या मुलीला गणित शिकविणे, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करणे, असे काहीतरी दहा वर्षे त्यांच्या मनात घोळत असते. मुदत नसल्यामुळे ते यादीवर कधी येतच नाही. त्यांनी आजचे साडेसात ते साडेआठ त्या कामास द्यावे. भ्रमणध्वनी तोवर दुसऱ्या खोलीत राहिला तरी बिघडणार नाही.