भाईंदरच्या स्टीलच्या डब्यातले पाच किलो जातात कुठे? समजून घ्या ईआरपी म्हणजे काय

भाईंदर पूर्वेच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधून चालायला लागलं की पत्र्यावर पडणाऱ्या प्रेसचा आवाज सोबत येतो. तुमच्या घरातला स्टीलचा डबा कदाचित इथूनच निघालेला असेल. पण तो बऱ्याचदा एका गाळ्यात तयार होत नाही. पत्रा एकीकडे कापतात, आकार दुसरीकडे देतात, पॉलिश तिसरीकडे. माल टेम्पोतून फिरतो आणि त्याच्या मागे फिरतं चलान.

समजा, 100 किलो चौरस पत्रा गोल सर्कल कापायला दिला. चौरसातून मोठ्यात मोठं वर्तुळ कापलं तरी साधारण 21.5 टक्के पत्रा कोपऱ्यांत उरतो, ते भूमितीच ठरवते. म्हणजे 78.5 किलो सर्कल आणि 21.5 किलो भंगार. प्रत्यक्षात दोन्ही मिळून 95 किलोच परत आलं तर? स्टोअरच्या वहीत वजन असतं, प्रेसवाल्याकडे नगांची मोजणी असते, अकाउंटंटकडे फक्त बिलाचा आकडा. पाच किलोंचा माग कुणालाच लागत नाही. मग वाद होतो आणि बिल अडकतं ते सगळ्यात छोट्या गाळ्याचं.

ईआरपी, म्हणजे एंटरप्राइझ रिसोर्स प्लॅनिंग, नेमकं इथे कामाला येतं. खरेदी, स्टॉक, उत्पादन, विक्री आणि हिशोब या सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी. माल गेटबाहेर पडताना एकदा नोंद झाली की स्टॉक कमी होतो, समोरच्याच्या नावावर वजन चढतं आणि अकाउंटंटलाही ते दिसतं.

हा शब्द गार्टनर या संशोधन संस्थेने 1990 मध्ये रूढ केला. त्याआधीच, 1972 मध्ये, आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी जर्मनीत सॅप सुरू केली होती. पण ही फक्त बड्या कंपन्यांची चैन राहिलेली नाही. मुंबईच्या फ्रापे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट ओपन सोर्स आहे आणि त्याची सुरुवात एका कुटुंबाच्या फर्निचर व्यवसायाच्या गरजेतून झाली. (टॅलीनेही 2009 मध्ये नावात ईआरपी लावलं होतं. नावात असलं म्हणून गाळ्यात येतंच असं नाही.)

मग आत्ताच हा विषय का? 1 ऑगस्ट 2023 पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस सक्तीचं झालं. स्टीलच्या भांड्यांना आयएसआय मार्क लागू करणारा आदेश केंद्राने 14 मार्च 2024 रोजी काढला. पण सगळ्यात जास्त चटका बसतो तो 45 दिवसांच्या नियमाचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही, तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी आयकरात दाखवता येतो. लेखी करार नसेल तर मुदत फक्त 15 दिवसांची.

आता ते पाच किलो परत आठवा. मुदत मोजायची ती माल पोहोचल्यापासून. मात्र खरेदीदाराने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती मिटल्यापासून. म्हणजे वजनाची नोंद कुणाकडे आहे, यावर पैसे कधी मिळणार हे ठरू शकतं.

सॉफ्टवेअर घेतलं की सुटलं, असं मात्र नाही. अमेरिकेतल्या हर्शे या चॉकलेट कंपनीने 1999 मध्ये नवी प्रणाली घाईने सुरू केली आणि ऐन हॅलोविनला सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डर पोहोचवता आल्या नाहीत. भाईंदरच्या गाळ्यात अडचण वेगळी असेल. काट्यावर माल चढताच नोंद व्हायला हवी. ती संध्याकाळी आठवून केली, तर ईआरपी ही आणखी एक वहीच ठरते.

दुसरी अडचण कमी बोलली जाते. प्रणाली मालकाची, पासवर्ड मालकाचा. पॉलिशवाल्याला त्यातली स्वतःच्या मालाची नोंद दिसतच नसेल, तर वादाच्या दिवशी त्याच्या हातात ते जुनं चलानच उरतं.