दुभाषा हवा, पण भाषाही यायला हवी



बारावीच्या मुलांनी यंदा आपल्या ग्रंथालयाची यादी संगणकावर आणली, त्याबद्दल त्यांचे मनापासून कौतुक. त्यासाठी त्यांनी पायथनमधील जँगोची ओआरएम वापरली. आता काहींचे म्हणणे असे, की एसक्यूएलच्या तासिका कमी करून थेट हेच शिकवावे. आम्हांस ते पटत नाही.

ओआरएम म्हणजे दुभाषा. डेटाबेसमधील माहिती तक्त्यांत असते. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या विचारावर ही रचना उभी आहे. तिच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे एसक्यूएल. प्रोग्राम लिहिणारा मात्र ‘पुस्तक’, ‘लेखक’ अशा वस्तूंचा विचार करतो. ओआरएम मध्ये बसून पायथनच्या ओळीचे एसक्यूएल करून देते. लिखाण वाचते, चुका कमी होतात आणि बाहेरून भरलेला मजकूर हुकूम म्हणून चालण्याचा धोकाही बराच टळतो. ही सोय खरीच मोठी आहे.

मग अडचण कुठे आली? वीस पुस्तकांवर यादी झटकन उघडली. तीन हजार पुस्तके भरल्यावर पान उघडता उघडेना. पुस्तकांची यादी एका विचारणेत येत होती, पण प्रत्येक लेखकाच्या नावासाठी ओआरएम पुन्हा डेटाबेसकडे जात होती. एकूण ३००१ फेऱ्या! प्रोग्राममध्ये हे कुणालाच दिसले नाही. दोन तक्ते जोडणारा ‘जॉइन’ ज्या मुलीला येत होता, तिने आत तयार होणारे एसक्यूएल पाहिले, ‘सिलेक्ट रिलेटेड’ ही सूचना घातली आणि सारे काम एका विचारणेत झाले.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. सुरुवातीस मराठी पत्रे आम्ही दुसऱ्यांकडून लिहवून घेत असू. एकदा ‘मुलांच्या शिक्षेकरिता’ अशा मजकुरावर आमची सही झाली! हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. त्या दिवसापासून सहीपूर्वी आम्ही स्वतः वाचू लागलो.

म्हणून आमचे मत असे: पहिल्या सत्रात एसक्यूएल हाताने लिहावे, दुसऱ्या सत्रात ओआरएम जरूर वापरावी. मात्र प्रत्येक प्रकल्पात आत कोणते एसक्यूएल तयार झाले व किती विचारणा गेल्या, हे वहीत नोंदवावे. विश्वस्तांनी या तासिका कमी करू नयेत, ही नम्र विनंती.