पोटगी मुलांची की तिजोरीची?

अमेरिकेत दोन मुलांना एकटीने सांभाळणारी, हाताला काम नसलेली आई सरकारकडे रोख साहाय्य मागते, तेव्हा अर्जाबरोबर ती आणखी एक गोष्ट लिहून देते. मुलांच्या पित्याकडून येणाऱ्या पोटगीवरचा हक्क ती सरकारच्या स्वाधीन करते. पुढे पित्याने महिन्याला दोनशे डॉलर भरले, तरी अनेक राज्यांत ते संपूर्णपणे सरकारी तिजोरीत जातात आणि राज्य व केंद्र सरकार ते आपसांत वाटून घेतात. आईला मिळते ती पूर्वीइतकीच साहाय्याची रक्कम. बाप पैसे भरतो, पण मुलांच्या ताटात त्याने एक घासही वाढत नाही.

या व्यवस्थेचा पाया 1975 च्या कायद्याने घातला गेला. बापाने जबाबदारी टाळायची आणि त्याच्या मुलांचा भार करदात्यांनी उचलायचा, हे का चालवून घ्यावे, असा त्यामागचा विचार होता. प्रथमदर्शनी तो चुकीचा वाटत नाही. तरीही काही वर्षांतच कायदेमंडळाला त्यातील खोच जाणवली असावी. 1984 मध्ये दरमहा वसूल होणाऱ्या पोटगीतील पहिले 50 डॉलर कुटुंबालाच द्यावेत, अशी तरतूद झाली. अध्यक्ष क्लिंटन यांच्या काळात 1996 साली कल्याणकारी योजनांची फेररचना झाली, तेव्हा हे बंधन उठले आणि अनेक राज्यांनी तेवढे 50 डॉलर देणेही बंद केले. त्याच कायद्यानुसार, पोटगीच्या वसुलीत 'सहकार्य' न करणाऱ्या आईच्या साहाय्यात किमान 25 टक्के कपात करणे राज्यांना भाग आहे. संपूर्ण साहाय्य बंद करण्याची मुभाही आहे.

सहकार्य म्हणजे पित्याचे नाव सांगायचे, ठावठिकाणा आणि कामाची जागा ठाऊक असल्यास तीही सांगायची, गरज पडल्यास मुलाची जनुकीय चाचणी करू द्यायची. मारहाणीच्या भीतीने घर सोडलेल्या स्त्रीला यातून सूट मिळू शकते. मात्र ती मागावी लागते, भीतीमागचे कारण पटवून द्यावे लागते. पोलिसांत कधीच न गेलेल्या बाईने ते कोणत्या कागदाने पटवायचे?

या नियमाचा बापावर होणारा परिणामही पाहण्यासारखा आहे. साहाय्य घेणाऱ्या कुटुंबांतील वडील बहुधा स्वतःच तुटपुंज्या मजुरीवर जगणारे असतात. पगारातून रक्कम परस्पर कापली जाते, पण तिचा मुलांना काहीच उपयोग होत नाही, हे त्यांच्या लवकरच ध्यानात येते. मग एखादा बाप नोंदीतले काम सोडून रोखीच्या मजुरीकडे वळतो, आईच्या हाती गुपचूप थोडे पैसे ठेवतो, मुलाला बूट घेऊन देतो. सरकारी खात्यात या बुटांची नोंद होत नाही, थकबाकी मात्र चढत जाते. थकबाकीदाराचा वाहन परवाना निलंबित होऊ शकतो, 2500 डॉलरच्या वर गेल्यास पासपोर्ट नाकारला जातो, क्वचित तुरुंगही दिसतो. परवाना गेला की कामावर जाण्याची सोयही जाते. शिवाय या थकबाकीचा मोठा वाटा मुलाला नव्हे, सरकारला देणे असतो. बापाच्या कर्तव्याचे असे सरकारी कर्ज होऊन बसते.

विस्कॉन्सिन राज्याने 1997 नंतर बहुतेक कुटुंबांना पोटगीची पूर्ण रक्कम देऊन पाहिली. तेथील विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यांची तुलना रकमेचा काही भागच मिळणाऱ्या कुटुंबांशी केली. पूर्ण रक्कम मिळत होती तेथे पितृत्व लवकर निश्चित झाले, वडिलांचे पैसे भरण्याचे प्रमाण वाढले आणि सरकारवर फारसा जादा भारही पडला नाही. पुढे 2005 च्या कायद्याने एका मुलासाठी 100 आणि दोन वा अधिक मुलांसाठी 200 डॉलरपर्यंतची रक्कम राज्याने कुटुंबाला दिल्यास त्यातील आपला वाटा केंद्राने सोडला. कोलोरॅडोने 2017 पासून संपूर्ण रक्कम देण्यास सुरुवात केली. बाहेर पाहिले तर ब्रिटनने 2010 पासून साहाय्याचा हिशेब करताना पोटगी जमेस धरणे थांबवले. न्यूझीलंडने पित्याचे नाव न सांगणाऱ्या आईवरील दंड 2020 मध्ये रद्द केला आणि 2023 पासून पोटगी थेट एकल पालकाला देण्यास प्रारंभ केला.

आपल्याकडे सरकार पोटगीवर हक्क सांगत नाही, ही समाधानाची बाब खरी. पण ती वसूल करण्यासाठी सरकार आपणहून पुढेही येत नाही. भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली (पूर्वीच्या 125 खाली) आईने स्वतःच न्यायालयाची पायरी चढायची. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, दोन्ही पक्षांनी मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2020 मध्ये स्पष्ट केले. तरी आदेशानंतरची वसुली हा स्वतंत्र खटाटोपच असतो, आणि न दिलेल्या पोटगीसाठी वर्षभरात पुन्हा अर्ज करावा लागतो.

आणि नकळत आपणही स्त्रीला पुरुषाच्या कागदाला बांधतोच. गोव्याच्या गृह आधार योजनेत दरमहा 1500 रुपये मिळतात, ते पती-पत्नीचे एकत्रित वार्षिक उत्पन्न 3 लाखांच्या आत असेल तर. नवरा दोन वर्षांपूर्वी घर सोडून गेला, रीतसर विभक्ती झालेली नाही, अशा स्त्रीने कोणाचे उत्पन्न लिहायचे? आपल्या नागरी संहितेनुसार विवाहपूर्व करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते. कागदावर ती अर्ध्या मालमत्तेची धनीण, घरात मात्र गॅसचा सिलिंडर भरायला पैसे नाहीत. शेजारच्या महाराष्ट्रात लाडकी बहीण योजनेच्या पडताळणीत 2025 मध्ये पती वा वडिलांचे आधार मागितले गेले आणि हाच पेच उभा राहिला. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे न्यायालयाचा निवाडा. योजनेत पात्र म्हणून नोंदलेल्या परित्यक्तेकडे यांपैकी काहीच नसते.

लाभार्थींच्या छाननीची भाषा सर्वत्र वाढत असताना, 'आधी नवऱ्याकडून घ्या' हे कलम आपल्याकडेही येणारच नाही, असे म्हणवत नाही. त्याआधी उलट मार्ग आखता येईल. पती सांभाळत नाही, असे स्त्रीने स्वयंघोषणापत्रात लिहिले की भत्ता सुरू व्हावा. तिची संमती असेल तर खात्यानेच तिचे प्रकरण तालुका विधी सेवा समितीकडे पाठवावे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य देण्याची तरतूद 1987 च्या कायद्यात आहेच. वसूल झालेली पोटगी संपूर्ण तिची राहावी आणि उत्पन्नाच्या मर्यादेत ती मोजू नये. नवऱ्याच्या भीतीने तिने दावा नको म्हटले, तरी भत्ता चालू राहावा आणि त्यासाठी तिच्याकडे पुरावा मागू नये.